हिमनदीची नोंदवही तळ्याच्या तळाशी

हिमनदी पूर्वी कुठवर पोचली होती हे शोधायचे, तर भूवैज्ञानिक आधी हिमोढ पाहतात. हिमोढ म्हणजे तिने पुढे ढकलत आणून टाकलेले दगडमातीचे ढीग. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डवर मात्र इथेच घोडे अडले. तिथल्या अनेक हिमनद्या छोट्या हिमयुगाच्या (अलीकडच्या काही शतकांच्या थंड काळाच्या) शेवटी, म्हणजे साधारण 1900च्या आसपास, इतक्या पुढे सरकल्या की वाटेतले जुने हिमोढ त्यांनीच मोडून टाकले. आरोपीनेच पुरावा नष्ट केल्यासारखे झाले.

मग लक्ष गेले खालच्या तळ्यांकडे. हिमनदी जात्यासारखी खडक दळते आणि ते पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात येऊन बसते. हिमनदी मोठी असताना राखाडी, बारीक गाळाचा थर जाड होतो. ती नाहीशी झाली की शेवाळ-झाडोऱ्याचे अवशेष असलेला तपकिरी गाळ उरतो.

गाळाचे वार्षिक थर मोजून काळ ठरवण्याचा पाया स्वीडनच्या गेरार्ड डी गीर यांनी घातला. 1910 साली स्टॉकहोमच्या भूवैज्ञानिक परिषदेत त्यांनी 12,000 वर्षांचा कालक्रम मांडला. पुढे 1976 साली विबियर्न कार्लेन यांनी स्वीडनच्या लॅपलँडमधल्या तळ्यांचा गाळ हिमनद्यांचे चढउतार वाचण्यासाठी वापरला.

स्वालबार्डपुरता खरा धक्का दिला तो लिनेवाट्नेट सरोवराने. तिथल्या गाळावरून स्वेन्सेन आणि मांगेरूड या नॉर्वेच्या भूवैज्ञानिकांनी 1997 साली दाखवले, की वरची लिनेब्रेन हिमनदी हिमयुगाची शिल्लक नाहीच. होलोसीनच्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या आजवरच्या काळाच्या, सुरुवातीला ती नव्हती. ती तयार झाली जेमतेम चार-पाच हजार वर्षांपूर्वी.

हे वाचन वाटते तितके सोपे नाही. गाळातला सेंद्रिय अंश काढण्यासाठी नमुना 550 अंश सेल्सिअसला जाळून वजनातली घट मोजतात. पण स्वालबार्डच्या खडकांत कोळसा आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे 2008पासून जिथे आहे, ते न्यू-ऑलेसुंदसुद्धा मुळात कोळसा खाणीचे गाव. हा कोळसा गाळात मिसळला की जळूनही सेंद्रिय अंश फुगवतो, आणि त्यातला कार्बन फार जुना असल्याने रेडिओकार्बनने (किरणोत्सारी कार्बन किती उरला ते मोजून) काढलेले वय हजारो वर्षांनी जास्त दाखवतो. म्हणून संशोधक गाळ चाळून जमिनीवरच्या वनस्पतींचे तुकडे वेचतात आणि त्यांचेच वय काढतात. कधी आइसलँडच्या ज्वालामुखीची डोळ्यांना न दिसणारी राख एखाद्या थरात सापडते. त्या उद्रेकाचा काळ माहीत असला, की तारखेसाठी कोळशाशी झगडावे लागत नाही.