ओरडणारा इशारा आणि अबोल लागण

संकेतस्थळावर काही वाचत असताना अचानक सगळा पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत’ असा मजकूर झळकतो आणि त्याखाली ‘आत्ताच साफ करा’ असे बटण दिसते. हा अनुभव आलेला माणूस नंतर बहुधा एवढेच सांगतो की जाहिरातीतून व्हायरस आला. या एका वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे व्हायरस असल्याची बतावणी करणारे वेबपान, आणि दुसरी म्हणजे जाहिरातीच्या वाटेने यंत्रात खरोखर शिरलेला घातक प्रोग्राम, म्हणजेच मालवेअर. दोन्ही त्याच जाहिरात-व्यवस्थेतून येतात, त्यामुळे त्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र दोघांची वागणूक नेमकी उलट असते. पहिली गोष्ट आरडाओरडा करते, कारण तिच्यापाशी आवाजाखेरीज दुसरे साधन नसते. दुसरी होईल तितकी गप्प राहते, कारण कोणाच्या लक्षात न येण्यावरच तिचा सगळा डाव उभा असतो. हा भेद ठाऊक नसल्यामुळे लोक खोट्या इशाऱ्याला घाबरून पैसे देतात आणि खऱ्या लागणीकडे, ती काही बोलत नाही म्हणून, आठवडेच्या आठवडे दुर्लक्ष करतात.

आधी खोटा इशारा पाहू. ब्राउझर प्रत्येक वेबपानाला एका बंदिस्त कप्प्यात चालवतो. त्या कप्प्यातून पानाला तुमच्या डिस्कवरच्या फाइली वाचता येत नाहीत, कोणते प्रोग्राम चालू आहेत हे पाहता येत नाही, आणि म्हणूनच व्हायरस शोधताही येत नाही. ‘तपासणी सुरू आहे’ असे सांगत पुढे सरकणारी पट्टी, भराभर पळणारी फाइलींची नावे आणि शेवटी येणारा लाल आकडा हे सारे आधीच तयार करून ठेवलेले चलच्चित्र असते. या पानांच्या सुरुवातीच्या काळात मॅक वापरणाऱ्यालाही विंडोज एक्सपीच्या खिडकीचे आणि ‘सी’ ड्राइव्हचे, म्हणजे मॅकवर नसलेल्याच गोष्टींचे, चित्र दाखवले जाई, त्यावरून ही तपासणी कितपत खरी होती हे उघड होते. आताची पाने अधिक सफाईदार आहेत. ती तुमच्या शहराचे नाव, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे नाव आणि तुमच्या यंत्राची प्रणाली अचूक दाखवतात, आणि एवढे ठाऊक आहे म्हणजे हे यंत्राच्या आत पोहोचलेच असणार, असे बघणाऱ्याला वाटते. वास्तविक ही माहिती कोणत्याही संकेतस्थळाला मिळते: आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून, शहर आणि कंपनीचा अंदाज बांधता येतो, आणि ब्राउझर व प्रणाली यांची नावे ब्राउझर स्वतःच कळवत असतो.

या धंद्याचा आवाका केवढा होता, ते फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेच्या एका खटल्यावरून कळते. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांची उत्पादने खोट्या तपासणीचा धाक घालून विकणाऱ्या मंडळींविरुद्ध कमिशन २००८ मध्ये न्यायालयात गेले. दहा लाखांहून अधिक ग्राहक त्यांना फसले होते, असे कमिशनचे म्हणणे होते, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने शेवटच्या प्रतिवादीवर १६.३ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला. पुढे पद्धत थोडी बदलली. बनावट अँटिव्हायरस विकण्याऐवजी पडद्यावर दूरध्वनी क्रमांक दाखवायचा, घाबरलेल्या माणसाने स्वतःहून फोन करायचा, आणि पलीकडच्या ‘तंत्रज्ञा’ने दूरनियंत्रणाचा प्रोग्राम उतरवून घ्यायला लावून यंत्राचा ताबा घ्यायचा, अशी ती नवी रीत. इथे एक ओळखीची खूण पक्की लक्षात ठेवण्याजोगी आहे. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे की त्यांच्या त्रुटी किंवा इशाऱ्याच्या संदेशात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. तेव्हा पडद्यावर मायक्रोसॉफ्टचे चिन्ह आणि फोन नंबर एकत्र दिसले, की पुढचा मजकूर वाचण्याचीही गरज उरत नाही.

खरी लागण वेगळ्या वाटेने येते, आणि ती समजून घेण्यासाठी जाहिरात पानापर्यंत कशी पोहोचते हे थोडे पाहावे लागते. आपण ज्या संकेतस्थळावर जातो त्याचा संपादक तिथली प्रत्येक जाहिरात निवडत नसतो. पान उघडत असतानाच त्यातली रिकामी जागा लिलावात निघते, काही क्षणांत बोली लागते आणि जिंकलेल्या जाहिरातदाराचा मजकूर त्याच्या किंवा मध्यस्थाच्या सर्व्हरवरून थेट आपल्या ब्राउझरमध्ये येतो. या साखळीत अनेक मध्यस्थ असतात आणि त्यांपैकी एकाची तपासणी ढिली असली तरी पुरते. शिवाय घातक जाहिरात सर्वांना सारखी दिसत नाही. तपासनीसाला ती साधी दिसते, आणि विशिष्ट देशातल्या, विशिष्ट ब्राउझरच्या पाहुण्यालाच ती आपले खरे रूप दाखवते. म्हणूनच ‘संकेतस्थळ नामांकित आहे, तिथे असे होणार नाही’ हा भरवसा मला धोक्याचा वाटतो. सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर बनावट अँटिव्हायरसचे इशारे झळकले. जाहिरातदाराने एका परिचित दूरध्वनी कंपनीचे सोंग घेतले होते, आधी त्या कंपनीच्या खऱ्या वाटाव्यात अशा जाहिराती चालवल्या होत्या आणि आठवड्याच्या अखेरीस, देखरेख कमी असताना, मजकूर बदलला होता.

ते प्रकरण खोट्या इशाऱ्याचे होते. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी, एओएल अशा मोठ्या संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतून जे पसरले, ते मात्र दुसऱ्या जातीचे. त्या जाहिराती ब्राउझरला न कळत अँग्लर नावाच्या हल्ला-संचाकडे वळवत. तो संच ब्राउझरच्या जोड-प्रोग्राममधली जुनी छिद्रे शोधी आणि सापडल्यास फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम आत सोडी. वाचकाने जाहिरातीवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. पान उघडणे एवढेच निमित्त पुरे होते. हल्लेखोरांनी वापरलेल्या वेब-पत्त्यांपैकी एक तर एका छोट्या जाहिरात कंपनीच्या संकेतस्थळाचा मुदत संपलेला पत्ता होता, जो त्यांनी विकत घेऊन तिची जुनी पत वापरली. या सगळ्यात पडद्यावर भोंगा नव्हता, लाल चौकट नव्हती. पहिली सूचना मिळाली ती फाइली उघडेनाशा झाल्यावर.

आज अशी बिनक्लिकची लागण दुर्मीळ झाली आहे, याचे श्रेय आपोआप अद्ययावत होणाऱ्या ब्राउझरांना आणि फ्लॅश प्लेअर या, ब्राउझरमध्ये चलच्चित्रे चालवणाऱ्या जोड-प्रोग्रामच्या, निवृत्तीला द्यायला हवे. अडोबीने त्याचे समर्थन ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवले. शिरण्याची वाट मात्र बंद झालेली नाही, ती आता माणसाच्या हातून जाते. शोधयंत्रात एखाद्या प्रसिद्ध प्रोग्रामचे नाव टाकले की सर्वांत वर दिसणारी ओळ कधीकधी जाहिरात असते आणि ती हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर नेते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच प्रकाराबद्दल लोकांना सावध केले आणि जाहिराती रोखणारा जोड-प्रोग्राम वापरण्याची शिफारस केली. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये एका मोहिमेचा तपशील जाहीर केला. डिसेंबर २०२४ मध्ये लक्षात आलेल्या त्या मोहिमेत चोरट्या चित्रपट-संकेतस्थळांवरच्या जाहिरातींनी लोकांना एकामागून एक पत्त्यांवरून फिरवत नेले आणि जगभरातल्या जवळजवळ दहा लाख यंत्रांपर्यंत माहितीचोर प्रोग्राम पोहोचवले. असा चोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी, म्हणजे लॉग-इनची ओळख जपणाऱ्या छोट्या नोंदी, उचलतो. कुकी चोरीला गेली की चोराला पासवर्डचीही गरज राहत नाही, कारण तुम्ही आधीच लॉग-इन केलेले आहे असे समोरच्या सेवेला वाटते. तुमचा संगणक मात्र पूर्वीसारखाच सुरळीत चालू असतो.

या दोन प्रकारांच्या सीमेवर आता एक युक्ती उभी आहे आणि माझ्या मते आजघडीला सर्वाधिक काळजी तिचीच घ्यायला हवी. पान सांगते, ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ किंवा ‘त्रुटी दुरुस्त करा’, आणि त्यासाठी विंडोजचे बटण व ‘आर’ एकत्र दाबायला, मग कंट्रोल व ‘व्ही’ दाबायला, मग एंटर दाबायला सांगते. मधल्या काळात त्या पानाने क्लिपबोर्डमध्ये, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जिथे राहतो तिथे, एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते; पहिल्या दोन बटणांनी विंडोजची आज्ञा चालवणारी ‘रन’ चौकट उघडते, पुढच्या दोन बटणांनी ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटरने चालते. पानाला आपल्या कप्प्याबाहेर काहीच करता येत नाही, म्हणून ते कप्प्याबाहेरचे काम तुमच्याकडून करून घेते. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ माणूस ओळखण्यासाठी विंडोजच्या रन चौकटीत काही चिकटवायला सांगत नाही, याला अपवाद नाही.

आणखी एक मधली अवस्था आहे, जिच्यामुळे सर्वाधिक गोंधळ होतो. पुष्कळ लोक सांगतात, ‘ब्राउझर बंद केला तरी कोपऱ्यात व्हायरसचे इशारे येतच राहतात, म्हणजे व्हायरस आत आहेच.’ बहुतेक वेळा घडलेले असते ते असे, की कधीतरी एखाद्या पानाने ‘पुढे जाण्यासाठी परवानगी द्या’ म्हटले आणि ‘अलाउ’ हे बटण दाबले गेले. त्या दिवसापासून त्या संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याचा हक्क मिळाला, आणि विंडोजच्या सूचना जिथे येतात त्याच कोपऱ्यात त्याचे इशारे येऊ लागले. नीट पाहिले तर त्या सूचनेत ब्राउझरचे नाव आणि पाठवणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिलेला आढळतो. ही लागण नव्हे, दिलेली परवानगी आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून तो पत्ता काढला की इशारे थांबतात. यासाठी सबंध यंत्र नव्याने स्थापित करणारेही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या वाया गेलेल्या श्रमांचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा ओळखायचे कसे, तर संदेश काय म्हणतो यापेक्षा तो कुठे राहतो हे पाहून. टॅबमध्ये असेल तर पान. कोपऱ्यात असून त्यावर संकेतस्थळाचा पत्ता असेल तर परवानगी. आणि ब्राउझर पूर्ण बंद असताना तुम्ही स्वतः अँटिव्हायरस उघडून पाहिल्यावर त्याच्या इतिहासात नोंद असेल तर खरी गोष्ट. विंडोजमध्ये ही नोंद विंडोज सिक्युरिटी या अंगभूत प्रोग्रामच्या संरक्षण-इतिहासात सापडते. खऱ्या इशाऱ्यात फाइलीचे नाव, तिची जागा आणि तिचे काय केले हे दिलेले असते. त्यात उलटी मोजणी नसते आणि पैसे भरण्याची घाईही नसते. आपल्या अँटिव्हायरसचा खरा चेहरा आधीच पाहून ठेवायचा असेल, तर आयकार नावाची चाचणी-फाइल त्यासाठीच बनवलेली आहे. ती ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी असते आणि अँटिव्हायरसांनी तिला व्हायरससारखे पकडावे असा संकेत आहे. ती एकदा उतरवून पाहिली की पुढे बतावणी ओळखणे फार सोपे जाते.

उपायही दोन्हींचे वेगळे आहेत. खोट्या इशाऱ्यात फक्त पान बंद करायचे असते, पण त्यावर काढलेल्या फुलीवर बोट ठेवायचे नसते, कारण ती फुलीही चित्राचाच भाग असू शकते. पडदा अडकला असेल तर एस्केप थोडा वेळ दाबून धरावे. तरी सुटला नाही तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून, तर मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून ब्राउझर संपवावा, आणि पुन्हा उघडताना ‘मागील पाने परत आणू का’ या प्रश्नाला नकार द्यावा. मोबाइलवरही हेच, फोन थरथरला तरी पानाला त्याच्या आत काही सापडलेले नसते, फक्त त्याच पानाने सुचवलेले ‘क्लीनर’ अॅप घेऊ नये.

मात्र काही उतरवून चालवले असेल, आज्ञा चिकटवली असेल किंवा फोनवरच्या माणसाला यंत्राचा ताबा दिला असेल, तर खोटा इशारा तिथेच संपला आणि प्रकरण दुसऱ्या जातीचे झाले, असे धरूनच चालावे. आधी इंटरनेट तोडावे. दिलेला दूरनियंत्रणाचा प्रोग्राम काढून टाकावा. मग विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी करावी. ती यंत्र पुन्हा सुरू करून विंडोजच्या बाहेरून चालते, त्यामुळे विंडोजच्या आत लपलेल्या प्रोग्रामला तिच्यापासून दडणे अवघड जाते. तिला सुमारे १५ मिनिटे लागतात आणि ती सुरू करण्याआधी उघडे काम साठवून ठेवावे लागते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, सर्वांत आधी ई-मेलचा आणि मग बँकेचा, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून लॉग-आउट’ हा पर्याय वापरायचा, म्हणजे चोरलेल्या कुकी निकामी होतात. कार्डाचा क्रमांक दिला गेला असेल तर बँकेला त्याच तासात कळवावे, तपासणी पूर्ण होण्याची वाट पाहू नये.