हार्ले की जपानी क्रूझर? गाडी घेण्याआधी एवढं वाचा

सेकंड-हँड क्रूझर, म्हणजे आरामात बसून लांब पल्ल्याला न्यायची जड मोटरसायकल, घ्यायची म्हणून आमच्या गॅरेजला विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हार्ले घेऊ की जपानी? सोबत मित्र असला तर वाद तिथेच जुंपतो. एकाच्या मते जपानी म्हणजे नक्कल, दुसऱ्याच्या मते हार्ले म्हणजे गळकं तेल आणि नावाचे पैसे. आम्ही दोन्ही इंजिनं उघडतो, त्यामुळे दोघांशीही आमचं पूर्ण पटत नाही.

भांडण मूळ अमेरिकेतलं. 1969 मध्ये एएमएफ कंपनीने हार्ले-डेव्हिडसन घेतली, उत्पादन वाढवण्याच्या घाईत दर्जा घसरला. गळक्या तेलाची बदनामी तेव्हाची. ती आजच्या गाड्यांना चिकटवणं अन्याय आहे. 1981 मध्ये संस्थापकांपैकी एकाचे नातू विली जी. डेव्हिडसन यांच्यासह 13 जणांनी कंपनी परत विकत घेतली. एप्रिल 1983 मध्ये रेगन सरकारने 700 सीसीवरच्या परदेशी मोटरसायकलींचा आयात कर 4.4 वरून 49.4 टक्क्यांवर नेला. जपानी कंपन्यांनी हात चोळत न बसता 750 ची इंजिनं लहान करून 700 च्या आत बसवली. होंडा शॅडो आणि यामाहा व्हिरागो त्यातल्याच. तिकडे हार्लेवाले जपानी गाड्यांना ‘राइस बर्नर’, म्हणजे तांदूळ जाळणाऱ्या, म्हणून हिणवत राहिले.

पण गाडी खोलली की ही रेघ पुसट होते. त्याच होंडाचा कारखाना अमेरिकेत, ओहायोतल्या मेरीसव्हिलला होता आणि गोल्डविंग तिथे बनायची. ‘अस्सल अमेरिकन’ हार्लेवर अनेक वर्षं कार्ब्युरेटर केहिनचा आणि पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) शोवाचे, दोन्ही कंपन्या जपानी. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, जपानमध्ये हार्लेच्याच परवान्यावर ‘रिकुओ’ नावाची मोटरसायकल बनत होती. आपलाही यात थोडा वाटा आहे बरं का: 2007 मध्ये हार्लेला भारताची दारं उघडली, त्याच देवाणघेवाणीत आपल्या आंब्याला अमेरिकेची.

आता आवाज, कारण निम्मे लोक त्यासाठीच पैसे मोजतात. हार्लेच्या पारंपरिक इंजिनात दोन सिलिंडरमध्ये 45 अंशांचा कोन असतो आणि दोन्ही पिस्टनचे दांडे (कनेक्टिंग रॉड) क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, एकाच पिनवर बसतात. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकदा क्रँक 315 अंश फिरल्यावर, एकदा 405 अंश फिरल्यावर. ती लंगडी डुगडुग यातून येते, आणि हादरेही त्यातूनच. होंडाने शॅडोत पिना वेगळ्या करून हादरे मारले होते. मग 1995 च्या शॅडो एसीई 1100 मध्ये मुद्दाम एकच पिन ठेवली, केवळ आवाजासाठी, आणि थोडी ताकद गमावली. हार्लेने तर या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. जपानी कंपन्यांनी हरकत घेतली आणि 2000 मध्ये अर्ज मागे घेतला गेला.

म्हणून सांगतो, जपानी गाडीचा सायलेन्सर कापून हार्लेचा आवाज येत नाही, नुसता गोंगाट येतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडून इंजिन तापतं ते वेगळं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल चालत नाही. ते काम आम्ही घेत नाही.

देखभालीचा फरक मात्र खरा आहे. मोठ्या हार्लेत इंजिन, प्रायमरी (इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारा भाग) आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं असतं, आणि मागचं चाक साखळीऐवजी पट्ट्याने फिरतं. जपानी क्रूझरमध्ये बहुधा एकच ऑइल इंजिन, गिअर आणि ओल्या (ऑइलात बुडालेल्या) क्लचला पुरतं. तिथे जेएएसओ एमए (ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचा जपानी मानक) दर्जाचंच घाला, कारचं घातलंत तर क्लच घसरू लागेल. सुझुकीच्या इंट्रूडर 1800 ला मागचं चाक फिरवायला शाफ्ट (दांडा) आहे. साखळीची कटकट नाही, पण मागच्या गिअरचं ऑइल लोक विसरतात. कावासाकी व्हल्कन एसमध्ये तर हार्लेसारखं व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं व्ही-ट्विन इंजिन नाहीच, 649 सीसीचं पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी सिलिंडरचं, आहे. डुगडुग हवी असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. रोज ऑफिसला न्यायची असेल तर आमचं मत तिलाच.

मोठ्या हार्लेचे बहुतेक नट-बोल्ट इंचाच्या मापाचे असतात, जपानी गाडीचे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. कोपऱ्यावरचा मिस्त्री तिथे 13 चा पाना लावतो, जोर देतो, आणि बोल्टचं डोकं गोल होतं. जुनी हार्ले बघायला गेलात की आधी बोल्टची डोकी बघा. आधीच्या मालकाने गाडी कोणाच्या हाती दिली होती ते तिथेच कळतं.

सुट्या भागांचं आधी विचारा, मग बयाणा द्या. इंट्रूडर 1800 आता इथे नवी मिळत नाही, त्यामुळे काही भाग बाहेरून मागवावे लागतात. हार्लेने 2020 मध्ये इथलं स्वतःचं उत्पादन थांबवलं, तरी हिरो मोटोकॉर्पमार्फत विक्री आणि सर्व्हिस चालू आहे.

गाडी तपासायला आणताना इंजिन थंड असू द्या. पहिल्या स्टार्टचा आवाज आम्हाला ऐकायचा असतो, म्हणून विकणाऱ्यालाही ती आधी गरम करू नका म्हणून सांगा. आरसी आणि जुनी सर्व्हिस बिलं सोबत आणा.