युरोपातल्या छोट्या देशांचं बास्केटबॉल: फिबाची स्पर्धा कुठली आणि स्मॉल स्टेट्स गेम्स कुठल्या?

माल्टा, अँडोरा, सॅन मारिनो यांच्या बास्केटबॉलच्या बातम्या वाचताना गोंधळ होतोच, कारण हे तिघंही दोन वेगवेगळ्या स्पर्धांत खेळतात आणि दोन्हींच्या नावात ‘स्मॉल’ आहे. एक फिबाची, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेची, युरोपियन चॅम्पियनशिप फॉर स्मॉल कंट्रीज, दुसरी गेम्स ऑफ द स्मॉल स्टेट्स ऑफ युरोप.

गेम्सचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. १९८५ ला सॅन मारिनोमध्ये सुरू झाल्या, विषम वर्षी होतात, ऑलिम्पिक कमिट्या भरवतात, आणि त्यात अ‍ॅथलेटिक्स, स्विमिंग, ज्युडो वगैरे बरंच काही असतं, बास्केटबॉल हा त्यातला फक्त एक खेळ. अट लोकसंख्येची, दहा लाखांच्या आत. मेंबर नऊ: अँडोरा, सायप्रस, आइसलँड, लिक्टेनस्टाइन, लक्झेम्बर्ग, माल्टा, मोनॅको, सॅन मारिनो आणि नंतर आलेला मॉन्टेनेग्रो.

फिबाची स्पर्धा म्हणजे निव्वळ बास्केटबॉल. १९८८ पासून प्रमोशन कप या नावाने चालू होती, मग काही काळ डिव्हिजन सी, आताचं नाव त्यानंतरचं. इथे लोकसंख्या कोणी विचारत नाही, युरोबास्केटच्या, म्हणजे युरोपच्या मुख्य बास्केटबॉल चॅम्पियनशिपच्या, शर्यतीत जे मागे पडलेत त्यांच्यासाठी ही स्पर्धा आहे. म्हणून तर ५० लाखांवर वस्ती असलेला आयर्लंड यात खेळलाय, एक कोटीच्या आसपासचा अझरबैजानही खेळलाय, आणि त्यांच्यासमोर साधारण ३४ हजार लोकांचा सॅन मारिनो, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा देश.

आता उलटं बघा. मॉन्टेनेग्रोची वस्ती सव्वासहा लाखांच्या आसपास, त्यामुळे गेम्समध्ये तो छोटा, पण बास्केटबॉलमध्ये त्याला छोटा म्हणायची कोणाची हिंमत नाही. २०२३ च्या वर्ल्ड कपला मनिलात अमेरिकेविरुद्ध हाफटाइमला हे लोक एका पॉइंटने पुढे होते, त्यांचा सेंटर निकोला वुचेविच बास्केटजवळ अमेरिकेच्या उंच प्लेअरना नुसता छळत होता, शेवटी ८५-७३ हरले पण ती मॅच अमेरिकेला घाम गाळून जिंकावी लागली. आइसलँडचं तसंच, २०१५ च्या युरोबास्केटला पोचला तेव्हा तिथवर आलेला सगळ्यात छोटा देश, बर्लिनमध्ये एनबीए स्टार डर्क नोविट्झकीच्या जर्मनीसमोर फक्त सहा पॉइंटनी हरला. हे दोघं फिबाच्या छोट्यांच्या स्पर्धेत दिसत नाहीत, आणि गेम्समध्ये मात्र सॅन मारिनोसमोर उभे असतात. त्यामुळे गेम्समधल्या बास्केटबॉल मेडलवरून कोण कुठल्या लेव्हलचा हे ठरवायला जाऊ नका. शिवाय गेम्स मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला होतात, तेव्हा युरोपातल्या लीगचे प्लेऑफ चालू असतात, सगळे मोठे प्लेअर मिळतील याची गॅरंटी नाही.

मला स्वतःला फिबावाली जास्त महत्त्वाची वाटते, आणि त्याचं कारण आयर्लंड. तिथल्या फेडरेशनवर कर्ज झालं आणि २०१० ला सीनियर नॅशनल टीमच बंद केल्या, म्हणजे त्या काळात लहानाचे मोठे झालेल्या पोरांना देशाकडून खेळायची सोयच नव्हती. पुरुषांची टीम २०१६ ला परत आली ती याच स्पर्धेतून, आणि २०२१ ला डब्लिनमध्ये, टॅलाच्या नॅशनल बास्केटबॉल अरेनात, घरच्या मैदानावर त्यांनी ती जिंकली. तिथून थेट युरोबास्केट २०२५ च्या प्री-क्वालिफायरला, म्हणजे पात्रतेच्या सुरुवातीच्या फेरीला. अशी शिडी गेम्समध्ये नाही, तिथे मेडल मिळतं, मान मिळतो, पण बास्केटबॉलच्या पुढच्या पायरीवर कोणी चढत नाही.

पटकन ओळखायचं असेल तर टेबलमध्ये जिब्राल्टर शोधा. हा ब्रिटिश प्रदेश फिबाचा मेंबर असल्यामुळे फिबाच्या स्पर्धेत खेळतो, पण इंटरनॅशनल ऑलिम्पिक कमिटीने त्याला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे गेम्सचा दरवाजा त्याला बंद. स्कॉटलंड आणि वेल्स दिसले तर समजा फिबाच्याच जुन्या वर्षांचं टेबल बघताय, कारण २०१६ पासून ते इंग्लंडबरोबर ग्रेट ब्रिटन म्हणून एकच टीम उतरवतात.