‘वाळीत टाकणे’: प्रथा जुनी, गुन्हा मात्र कालपरवाचा

कोकणातल्या एखाद्या गावात ‘त्या घराला वाळीत टाकलंय’ असं कानावर आलं, तर तो नुसता अबोला समजू नये. त्या घरी लग्नाचं आवतण जात नाही, शिमग्याची पालखी दारात येत नाही, दुकानदार सामान देत नाही, मयत झाली तर खांदा द्यायला माणूस मिळत नाही. जो त्यांच्याशी व्यवहार ठेवेल, त्यालाही गावकी दंड करते. बहिष्कार टिकतो तो या दंडामुळे. शेजाऱ्याच्या मनात राग नसतो, धास्ती असते.

मोठ्या माणसांनाही हे चुकलं नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, उठलं. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण त्यांना पुणं होतं, नोकरी होती, पाठीशी मित्र होते. ज्याची रोजची मजुरीच गावातल्या शेतावर, त्याने जायचं कुठे?

हा प्रश्न सरकारदरबारी नीट मांडला गेला तो स्टार्ट समितीच्या अहवालात. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या या समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. सार्वजनिक विहिरीवर हक्क सांगितला की अस्पृश्यांचं काम बंद, शेतातली वाट बंद, वाण्याकडचं सामान बंद, असं समितीला आढळलं. जमिनीचा तुकडा घेतला, चांगले कपडे घातले, नवरदेव घोड्यावरून मिरवला, एवढंही कारण पुरत असे. 1930 च्या गोलमेज परिषदेपुढच्या निवेदनात आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी स्पष्ट मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या 1922 च्या कायद्याचा आधार घेतला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला खरा. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. त्यानंतरची पन्नासएक वर्षं पीडितांच्या हातात बहिष्कारासाठी म्हणून वेगळा कायदा नव्हता. मला ही दिरंगाई अक्षम्य वाटते.

2013 मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. रायगडमधली बहिष्काराची प्रकरणंही याच सुमारास पुढे येत होती. विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि जुलै 2017 मध्ये तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते.

अडतं ते पुराव्यापाशी. गावकीचा ठराव तोंडी असतो, कागदावर काहीच नसतं. आवतण आलं नाही हे कोर्टात सिद्ध करायचं, तर त्याच गावातल्या कुणीतरी साक्षीला उभं राहावं लागतं.