हवेवर चालणारे कट-ऑफ टूल निवडताना

आमच्याकडून नेलेले ३ इंची कट-ऑफ टूल (कॉम्प्रेसरच्या हवेने चकती फिरवून लोखंड कापणारे हत्यार) आठवडाभरात ‘दम नाही, लोखंडाला टेकवले की थांबते’ अशा तक्रारीसह परत येते आणि आमच्या हवेच्या लाइनला जोडताच व्यवस्थित कापते, असे वारंवार घडत असल्याने ही माहिती देत आहोत.

दोष बहुधा पाइपमध्ये असतो. धूळ उडवण्यासाठी गॅरेजमध्ये वापरला जाणारा ८ मिमीचा पीयू पाइप आतून जेमतेम ५ मिमीचा असतो. टूल बंद असताना त्यातूनही पूर्ण दाब दिसतो, आणि नेमकी इथेच फसगत होते. ट्रिगर दाबताच टूलच्या तोंडाशी लागणारे ९० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) टिकत नाहीत, मग कॉम्प्रेसरवरचा काटा १२० दाखवत असला तरी उपयोग नसतो. म्हणून दाब टूलजवळ गेज लावून, चकती फिरत असतानाच पाहावा. पाइप आतून १० मिमीचा घ्यावा आणि कपलरही (पाइप जोडण्याचा तुकडा) बारीक भोकाचा नसावा.

खोक्यावर छापलेला ४ सीएफएम (मिनिटाला लागणारी हवा, घनफुटांत) हा आकडा बहुधा थांबून-थांबून केलेल्या वापराची सरासरी असतो. सलग कापताना त्याच टूलला १५ ते २० सीएफएम हवा लागते. ३ एचपीच्या कॉम्प्रेसरवर टाकीतील साठ्याच्या आधाराने लहान काप घेता येतात. खरेदीआधी आम्ही एचपी, टाकीचे लिटर आणि पाइपची लांबी विचारतो, ती चौकशी काहींना नकोशी वाटते. परंतु १ एचपीवाल्यांना आम्ही स्वतःहून विजेचा ग्राइंडर सुचवतो. सायलेन्सरचा क्लॅम्प किंवा चासीच्या आतला गंजलेला बोल्ट, जिथे ग्राइंडरचे डोके शिरत नाही, तिथे मात्र हवेच्या टूललाच पसंती द्यावी.

गार्ड (चकतीवरचे संरक्षक झाकण) काढून ४ इंची चकती बसवण्याविषयीही विचारणा होते. मिनिटाला २०,००० फेऱ्यांवर ३ इंची चकतीची कड सेकंदाला सुमारे ७९ मीटर धावते, तर ४ इंचीची १०५ मीटर. नेहमीच्या चकत्यांची मर्यादा ८० मीटर असते. गिऱ्हाईक नाराज झाले तरी या टूलसाठी ती चकती आम्ही देत नाही.

पावसाळ्यात टाकीतील पाणी रोज सोडावे आणि काम सुरू करण्यापूर्वी टूलच्या हवेच्या तोंडात एअर टूल ऑइलचे दोन-तीन थेंब टाकावेत. तक्रार घेऊन येताना आपला पाइप व कपलरही आणावा; तपासणी आम्ही विनामूल्य करतो, आणि योग्य मापाचा पाइप हवा असल्यास तो लांबीप्रमाणे कापून, कपलर बसवून लगेच देतो.