देशमुख, गणपतराव अण्णासाहेब

देशमुख, गणपतराव अण्णासाहेब : (१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१). शेतकरी कामगार पक्षाचे नेते आणि सांगोला (जि. सोलापूर) मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आलेले महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य. तालुक्यात ‘आबासाहेब’ याच नावाने परिचित. जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे. कायद्याचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी सांगोल्यात वकिली केली. शे. का. पक्षात ते अखेरपर्यंत राहिले.

विधानसभेवर ते प्रथम १९६२ मध्ये निवडून आले. १९६७ मध्ये विजय, १९७२ मध्ये पराभव आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय झाला. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ व १९९० या निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते अवघ्या १९२ मतांनी हरले. १९९९ पासून २०१४ पर्यंतच्या चारही निवडणुकांत मात्र ते विजयी ठरले. शेवटच्या वेळी मताधिक्य २५ हजारांहून अधिक होते. १९६२ ते २०१९ हा सलग काळ धरला तर ५७ वर्षे भरतात. मधले दोन खंड वगळून प्रत्यक्ष सदस्यत्व सुमारे ५१ वर्षांचे येते व तोच आकडा ग्राह्य मानावा.

त्यांच्या नावावरचा विक्रम नेमका कोणता, याविषयी एकवाक्यता नाही. २००९ च्या दहाव्या विजयानंतर तमिळनाडूच्या एम. करुणानिधी यांच्याशी बरोबरी आणि २०१४ नंतर देशातील उच्चांक, असे सर्रास लिहिले जाते. करुणानिधी २०११ मध्येच बाराव्यांदा निवडून आले होते, अर्थात वेगवेगळ्या मतदारसंघांतून. ‘एकाच मतदारसंघातून’ ही अट घातली तरी केरळचा विचार करावा लागतो. पुदुप्पल्लीतून ओमन चंडी २०११ पर्यंत दहा वेळा निवडून आले होते. पाला येथील के. एम. मणी यांचे विजय तोवर बारा होतात. १९६५ ची केरळ विधानसभा कधी भरलीच नाही, म्हणून ती निवडणूक सोडली तर अकरा. तेव्हा महाराष्ट्रातील उच्चांक एवढेच विधान निर्विवाद ठरते. त्यातही संख्येपेक्षा वेगळी गोष्ट अधिक मोलाची वाटते : राज्यात कधीही स्वबळावर सत्तेत न आलेल्या पक्षाचा उमेदवार दोनदा पडला आणि दोन्ही वेळा त्याच मतदारांनी त्याला परत निवडून दिले.

मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले : १९७८ मध्ये शरद पवार यांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर काँग्रेस–राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारात. एरवी त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. मुंबईला अधिवेशनासाठी ते एस. टी.ने जात. गाडीत आमदारांसाठी राखीव आसन असते. त्यावर खरोखर आमदार बसलेला पाहणे ही सांगोल्याच्या प्रवाशांना नवलाची गोष्ट नव्हती.

सांगोला हा माण नदीकाठचा अवर्षणप्रवण तालुका. पाऊस जेमतेम, एकेकाळी भर ज्वारी आणि खिलार जनावरांवर, पुढे डाळिंबावर. त्यामुळे पाणी हाच देशमुखांच्या राजकारणाचा कणा राहिला. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासमवेत आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना समन्यायाने मिळावे, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. कृष्णेवरील टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी तालुक्यात पोहोचले, ते या दीर्घ लढ्यानंतर. सांगोल्यातील शेतकरी सहकारी सूतगिरणीच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता.

वयोमानामुळे २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. नातू अनिकेत देशमुख यांचा त्या वेळी शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पराभव झाला. गणपतरावांचे निधन सोलापूर येथे झाले. दुसरे नातू बाबासाहेब देशमुख २०२४ मध्ये याच मतदारसंघातून, शे. का. पक्षाकडूनच, विधानसभेवर निवडून आले.