शट डाउन आणि रिस्टार्ट: विंडोज नेमकं कधी पूर्ण बंद होतं?

मामांचा प्रिंटर हटून बसला होता. कागद घातलेला, शाई भरलेली, पण छपाईचा आदेश रांगेत तसाच पडून. मामा शिस्तीचे. रोज रात्री संगणक शट डाउन करणार आणि मग भिंतीवरचं बटणही बंद करणार. "बंद करून चालू करा, एवढं सांगू नकोस. ते मी रोजच करतो," असं त्यांनी मला फोनवरच बजावलं होतं.

घरी जाऊन मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केल्यावर खाली ‘अप टाइम’ दिसतो. तिथे आकडा होता २३:०४:५१:१०. म्हणजे २३ दिवस, ४ तास, ५१ मिनिटं. रोज रात्री बंद होणारा संगणक विंडोजच्या हिशेबी तेवीस दिवस चालूच होता. मामा चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागले.

आपल्याला वाटतं, शट डाउन म्हणजे पूर्ण बंद आणि रिस्टार्ट म्हणजे त्याचंच घाईतलं रूप. विंडोजमध्ये हे उलटं आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं आणि बहुतेक संगणकांवर ते आधीपासूनच चालू असतं. ते चालू असताना शट डाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही साइन आउट होता, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याच्यासोबत चालणारे ड्रायव्हर (प्रिंटर, आवाज अशी उपकरणं चालवणारे प्रोग्राम) आणि सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) बंद होत नाहीत. त्यांची त्या क्षणीची अवस्था जशीच्या तशी डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. सकाळी तीच परत मेमरीत येते, म्हणून संगणक लवकर सुरू होतो. भिंतीवरचं बटण बंद केल्याने काही फरक पडत नाही. डिस्कवर लिहिलेलं विजेवाचूनही टिकतं.

रिस्टार्टमध्ये मात्र ही जपणूक नाही. गाभा खरोखर बंद होतो आणि सगळं नव्याने लोड होतं. छपाईची रांग सांभाळणारी ‘प्रिंट स्पूलर’ ही सर्व्हिस गाभ्याबरोबरच जपली जाणाऱ्यांपैकी. ती एकदा अडकली की रोज सकाळी अडकलेलीच जागी होणार. मामांचा संगणक रिस्टार्ट केला आणि तीन आठवड्यांपूर्वीचं वीजबिल सुरसुरत बाहेर आलं.

याच फरकातून दुसरा गैरसमज होतो: "काल रिस्टार्ट केला आणि आवाजच गेला." सोमवारी नवा ड्रायव्हर आला, त्याने रिस्टार्ट मागितला, आपण ‘नंतर’ दाबलं. आठवडाभर शट डाउनवर काम भागलं. शनिवारी रिस्टार्ट केला, तेव्हा तो बदल पहिल्यांदा लागू झाला. दोष सोमवारचा, बोल शनिवारच्या रिस्टार्टला. असं काही झालं की स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि काय कोसळलं, ते तारखेवार दिसतं. आधीच्या आठवड्यात नक्की बघा. (रिस्टार्टनंतर जुने प्रोग्राम आपोआप उघडत असतील तर तो बिघाड नाही. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सच्या साइन-इन ऑप्शन्समध्ये त्याचं बटण आहे.)

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही असेल, तर हा फरक जपायलाच हवा. विंडोज असं अर्धवट बंद करून लिनक्समध्ये गेलात, तर विंडोजची डिस्क बहुधा फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. ही अडवणूक तुमच्याच भल्यासाठी असते. जबरदस्तीने लिहिलं तर फाइली खराब होऊ शकतात.

एखाद्या वेळी पूर्ण शट डाउन हवं असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउनवर क्लिक करा. कायमचंच हवं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जा. फास्ट स्टार्टअपची चौकट फिकी दिसली तर वरच्या ‘चेंज सेटिंग्ज’ने सुरू होणाऱ्या ओळीवर आधी क्लिक करा आणि मग खूण काढा. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, असेल तर मी ती बिनदिक्कत काढतो, वाचणारे काही सेकंद या त्रासापुढे काहीच नाहीत. मामांकडे जुनी हार्ड डिस्क आहे, म्हणून तिथे खूण तशीच ठेवली आणि दर रविवारी रिस्टार्ट करायचं ठरलं. कॅलेंडरवर त्यांनी ते लाल पेनने लिहूनही ठेवलंय.